शेजारच्या खाटेवरून

अँड्र्यू हर्क्सहायमर हे ब्रिटनमधले औषधशास्त्राचे डॉक्टर. कुठलं औषध खरंच गुण देतं आणि कुठलं नुसतं जाहिरातीच्या जोरावर खपतं, हे डॉक्टरांना परखडपणे सांगणाऱ्या 'ड्रग अँड थेरप्युटिक्स बुलेटिन' या नियतकालिकाचे ते तीस वर्षं संपादक होते. त्यांचाच गुडघा बदलायची पाळी आली तेव्हा मात्र त्यांच्या लक्षात आलं, की शस्त्रक्रियेबद्दलचं सगळं छापील ज्ञान हाताशी असूनही एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. यातून जाणाऱ्या माणसाला कसं वाटतं? त्याच काळात ऑक्सफर्डच्या फॅमिली डॉक्टर अ‍ॅन मॅकफर्सन स्तनाच्या कर्करोगातून गेल्या होत्या. त्यांच्याभोवती उपचार सांगणारे पुष्कळ होते, 'माझंही असंच झालं होतं' म्हणणारं कुणी सापडत नव्हतं. दोघांनी मिळून २००१ मध्ये रुग्णांच्या अनुभवांचा एक संग्रह इंटरनेटवर खुला केला. तेव्हा त्याचं नाव डायपेक्स होतं; आज तो हेल्थटॉक म्हणून ओळखला जातो.

हा संग्रह कसा बनतो ते पाहण्यासारखं आहे. एका आजारासाठी साधारण चाळीसएक माणसं निवडतात. सरासरी माणूस शोधायचा नसतो. जितकी वेगवेगळी माणसं मिळतील तितकी हवी असतात. तरुण आणि म्हातारी, एकटी राहणारी आणि भरल्या घरातली, उपचार लागू पडलेली आणि न पडलेली. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक त्यांच्या घरी जातात, आधी नुसतं 'काय झालं ते सांगा' म्हणून ऐकत बसतात, प्रश्न नंतर. मुलाखत लिहून काढल्यावर ती त्या माणसाकडे परत जाते. नको तो भाग त्याने काढायचा. चेहरा दाखवायचा, फक्त आवाज द्यायचा की फक्त शब्द, हेही त्यानेच ठरवायचं. कुणाला अजिबात ओळखू यायचं नसेल तर त्याचे शब्द नट बोलून दाखवतो. मग त्या चाळीस जणांच्या बोलण्यातून विषय वेगळे काढून मांडले जातात: निदान कळलं तो दिवस, मुलांना कसं सांगितलं, नोकरीचं काय झालं. हे काम संथ आहे, खर्चिक आहे, आणि कंटाळवाणंही असणार. पण आजाराबद्दलच्या सांगण्या-ऐकण्याच्या सगळ्या प्रश्नाचा आढावा घेताना मी हेच उदाहरण मापासारखं हाताशी ठेवणार आहे. आपल्या आजाराबद्दल सांगणारे आज अगणित आहेत. ते सांगणं राखून, निवडून, पुढच्याच्या हाती देणारे फार थोडे.

मोठ्या वॉर्डात राहून आलेल्या प्रत्येकाला शेजारच्या खाटेवरचा माणूस आठवत असतो. डॉक्टर राउंड घेऊन जातात, सिस्टर सलाईन बदलून जातात. पण पहिल्यांदा उठून उभं राहताना चक्कर येईल, आधी पाय खाली सोडून पाच मिनिटं बस, हे तो सांगतो. परळच्या टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, जागा न मिळालेली फूटपाथवर पथारी टाकतात. कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो, किमोनंतर तोंड आलं की काय गिळवतं, ट्रस्टच्या मदतीचा अर्ज कधी करावा, ही विद्या एका पथारीवरून दुसऱ्या पथारीवर जाते. इंटरनेटने ही विद्या निर्माण केली नाही. तिची पथारी लांबवली, इतकंच. आणि ज्याच्या शेजारी खाटच नव्हती, म्हणजे ज्याचा आजार लाखात एखाद्याला होतो, त्याला पहिल्यांदा शेजारी मिळवून दिला.

आजार लिहिण्याची रीत मराठीतही जुनी आहे. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' घराघरांत गेलं. गडचिरोलीत आरोग्यसंशोधन करणाऱ्या डॉक्टरलाच हृदयविकार गाठतो, ही गोष्ट लोकांना कुठल्याही आहारतक्त्यापेक्षा जास्त पटली. पद्मजा फाटकांनी 'हसरी किडनी' लिहिलं. मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल त्या नावातच सगळा सूर आला. पण पुस्तक लिहायला लेखक असावं लागतं. ज्यांच्या हाताला लेखणीची सवय नाही त्यांच्यासाठी वेगळी वाट होती, ती सतरंजीवरची. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये गोल करून बसायचं आणि एकेकाने आपली दारूची कहाणी बोलायची. इंटरनेटवर नंतर आलेला 'शेअरिंग' हा शब्द तिथे केव्हाच मराठी झाला होता. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी तिथे सहचरी गट निघाला, कारण आजार एकाला आणि भोग दोघांना, हे तिथल्यांना पुस्तक न वाचता कळलं होतं.

शब्दांच्या बाबतीत मराठी इथे पुढे आहे. रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' हे मानसिक आरोग्याच्या कामातून रुळलेले शब्द. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ ते सहज वापरतं. 'केअरगिव्हर' म्हटलं की पगारी माणूस डोळ्यांसमोर येतो. 'काळजीवाहक' सरकारी पत्रातून उतरल्यासारखा वाटतो. 'शुभंकर' म्हटल्यावर मात्र नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावणारी, त्याचा हात थरथरला तर आमटीची वाटी अर्धीच भरणारी बाई दिसते. शब्द जरा गोड आहे, मान्य. रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना कुणाला आपण शुभंकर आहोत असं वाटत नसेल. पण त्या माणसाला नाव मिळालं, आणि नाव मिळालं की त्याचीही कहाणी असू शकते हे मान्य होतं.

आता मूळ प्रश्न. अशा सांगण्या-ऐकण्याने माणसाला बरं वाटतं का? बरं होतं का? २००४ साली गुंथर आयझेनबाख आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तोवरच्या ३८ अभ्यासांचा धांडोळा घेतला. निष्कर्ष निराश करणारा होता: रुग्णांनी रुग्णांशी इंटरनेटवर बोलण्याचा फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही. तोटा होतो असाही नाही. बहुतेक अभ्यासांत रुग्णांच्या गप्पांसोबत तज्ज्ञांचा सल्ला, प्रशिक्षण असं काहीबाही मिसळलेलं होतं, त्यामुळे कशाचा गुण कशाला लावायचा हेच कळत नव्हतं. लोकांनी हा निष्कर्ष वाचला नाही, वाचला असता तरी मानला नसता. २०११ च्या प्यू संस्थेच्या पाहणीत अमेरिकेतल्या इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी १८ टक्के लोकांनी आपल्यासारखाच त्रास असलेला माणूस नेटवर शोधला होता. जुनाट आजार असलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के.

मला वाटतं, माप चुकीचं लावलं जात होतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलून तुमचा रक्तदाब किती उतरला, असं कुणी विचारत नाही. स्यू झीब्लँड आणि सॅली वाइक यांनी २०१२ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या बाजूने धरला आणि अनुभव ऐकण्याचे परिणाम सात वाटांनी होऊ शकतात असं मांडलं. माहिती मिळते, आधार वाटतो, नाती टिकतात किंवा ताणली जातात, वागणं बदलतं, दवाखान्याशी व्यवहार कसा करायचा ते कळतं. या पाच तशा ओळखीच्या. उरलेल्या दोन मला महत्त्वाच्या वाटतात. एक, आपली कहाणी सांगायला माणूस शिकतो. ओपीडीत डॉक्टर जेमतेम चार मिनिटं देतात. त्या चार मिनिटांत 'कसंतरी होतंय' म्हणणारा आणि 'संध्याकाळी सहानंतर डाव्या पायात मुंग्या येतात, गोळी घेतल्यावर अर्धा तास थांबतात' म्हणणारा यांना मिळणारे उपचार सारखे नसतात. दुसरी वाट म्हणजे आजार डोळ्यांना दिसणं: पुरळ कसं दिसतं, दुसऱ्याचा हात कसा थरथरतो, शस्त्रक्रियेची खूण किती मोठी राहते. त्याने धीर येतो, आणि कधी कधी पाचावर धारणही बसते.

बोलतं कोण, हाही मुद्दा आहेच. दारू, नैराश्य, घबराटीचे झटके आणि सिगारेट सोडणं या चार विषयांवरच्या नेटवरच्या गटांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एक टक्का सदस्यांनी जवळजवळ तीन चतुर्थांश मजकूर लिहिला होता, आणि नव्वद टक्के लोक जवळपास मुकेच होते. म्हणजे ज्याला आपण 'रुग्णांचा आवाज' म्हणतो तो बऱ्याचदा मूठभर उत्साही, लिहित्या आणि तेवढी ताकद उरलेल्या माणसांचा आवाज असतो. त्या मुक्या नव्वदांना काय मिळालं हे मोजणं सर्वांत अवघड, आणि मला वाटतं सर्वाधिक मिळालं ते त्यांनाच.

एका ठिकाणी मात्र रुग्णांचं सांगणं धीर देण्यापलीकडे गेलं आणि त्याचं ज्ञान झालं. १९९८ मध्ये अमेरिकेत स्टीफन हेवूड या २९ वर्षांच्या तरुणाला एएलएस झाला. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाऊन माणूस हळूहळू लुळा होण्याचा हा आजार. त्याच्या भावांनी एका मित्रासह २००४ मध्ये 'पेशंट्सलाइकमी' सुरू केलं. इथे नुसतं दुःख लिहायचं नव्हतं. कुठलं औषध, किती मात्रेत, चालणं-बोलणं-गिळणं किती उतरलं, हे आकड्यांत भरायचं होतं. २००८ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासाने खळबळ उडवली: लिथियम घेणाऱ्या १६ रुग्णांपैकी पंधरा महिन्यांत एकही दगावला नाही. जगभरच्या रुग्णांनी आपापल्या डॉक्टरांच्या मागे लागून लिथियम सुरू केलं. ब्राझीलमधला एक रुग्ण आणि कॅलिफोर्नियातली एका रुग्णाची मुलगी यांनी घेणाऱ्यांच्या नोंदी ठेवायला घेतल्या. मुलगी पेशाने भूकंपशास्त्रज्ञ. आकड्यांशी तिची ओळख होतीच. पुढे लिथियम घेणाऱ्या १४९ जणांच्या नोंदी, न घेणाऱ्या पण आजाराची चाल तशीच असलेल्यांशी जुळवून पाहिल्या गेल्या आणि २०११ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'मध्ये निकाल छापून आला. लिथियमचा उपयोग शून्य. नंतर रीतसर चाचण्यांतही तेच निघालं.

ही गोष्ट मला एरवीच्या विजयकथांपेक्षा मोलाची वाटते. आशेवर जगणाऱ्या माणसांनी स्वतःच्या आशेचा हिशेब मांडला आणि तो तोट्यात निघाल्यावर जाहीर केला. हे जमलं याचं कारण प्रत्येकाची नोंद एकाच साच्यात, तारीखवार होती. 'मला फरक पडला' हे वाक्य दीडशे वेळा लिहिलं गेलं असतं तर लिथियम आजही चालू असतं.

करोनाच्या काळात हेच जास्त वेगाने घडलं. बरे झाल्याचा कागद हातात, पण जिना चढवत नाही, शब्द आठवत नाहीत, असं होणारे लोक मे २०२० मध्ये एकमेकांना नेटवर सापडू लागले. 'लाँग कोविड' हे नाव एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ रुग्णाने ट्विटरवर वापरलं. आजाराला नाव डॉक्टरांनी द्यायचं ही जुनी रीत मोडली. त्याच महिन्यात लिव्हरपूलचे संसर्गरोगतज्ज्ञ पॉल गार्नर यांनी स्वतःचे न संपणारे आठवडे लिहून काढले आणि 'मला वेड लागलंय का' असं वाटणाऱ्या हजारोंना दिलासा मिळाला. रुग्ण असलेल्या संशोधकांनीच पाहणी केली. आधी ६४० जणांची, मग ५६ देशांतल्या ३,७६२ जणांची. त्यात दोनशेहून अधिक लक्षणं नोंदली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णांना चर्चेला बोलावलं. ती मोठी पाहणी नऊ भाषांत होती. हिंदी किंवा मराठी त्यात नव्हती. महाराष्ट्रात दम लागत फिरणारी माणसं कमी होती म्हणून नव्हे.

गार्नर यांचं पुढचं प्रकरणही सांगायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी लिहिलं, की आपण बरे झालो, आणि त्यात आजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचा वाटा मोठा होता. ज्यांनी आधी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांतले बरेच भडकले. 'म्हणजे आमचं सगळं मनाचे खेळ?' माणूस तोच, प्रामाणिकपणा तोच, अनुभवही खरा. पण एका गटाला आधार देणारा अनुभव दुसऱ्याच वेळी त्याच गटाला वार वाटू शकतो. अनुभवावर वाद घालता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावरून इतके कडाक्याचे वाद होतात.

क्षयरोगाची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर वर्षानुवर्षं कॅनामायसिनची इंजेक्शनं दिली जात. त्यांनी बहिरेपण येऊ शकतं हे पुस्तकात होतंच. 'दुष्परिणाम' या सदरात एक ओळ. केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीतल्या फुमेझा टिसिले या तरुणीने 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या उपक्रमात आपण बहिरे कसे झालो ते लिहिलं. मुंबईची पत्रकार नंदिता व्यंकटेशन हिनेही क्षयाच्या औषधांत ऐकू येणं गमावलं आणि ते उघडपणे सांगितलं. ज्या आजाराबद्दल आपल्याकडे सोयरीक मोडेल म्हणून ब्र काढत नाहीत, त्याबद्दल एक अविवाहित मुलगी नावानिशी बोलत होती. पुढे दोघींनी मिळून याच क्षयावरच्या बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारतात आव्हान दिलं आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. तोवर जागतिक आरोग्य संघटनेनेही कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं होतं. पुस्तकातल्या त्या एका ओळीला दोन चेहरे मिळाले होते.

पण नावानिशी बोलण्याची किंमत काय असते? गोव्याच्या डॉमिनिक डिसोझाची हकिकत इंटरनेटच्या आधीची आहे, तरी या चर्चेत ती टाळता येत नाही. रक्तदान करणारा हा तरुण १९८९ मध्ये एचआयव्हीबाधित असल्याचं यंत्रणेला कळलं. पोलीस आले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये त्याला ६४ दिवस कोंडून ठेवलं गेलं. त्याने काही जाहीर केलं नव्हतं. त्याच्याबद्दल इतरांनी केलं. त्यानंतर त्याने स्वतः बोलायचं ठरवलं, 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करण्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा यायला २०१७ उजाडलं. एकच माहिती. दुसऱ्याने फोडली तर कैद, स्वतः सांगितली तर चळवळ.

घरात मात्र ही सीमारेषा पुसट असते. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात, 'पेशंटला काही सांगू नका' असं ठरतं, आणि ज्याचा आजार त्याला सोडून सगळ्यांना कळतं. आता त्या बाहेरच्या व्हरांड्यात व्हॉट्सअ‍ॅप आलंय. वडिलांचा रिपोर्ट पन्नास जणांच्या गटात पडतो. वडिलांना मात्र 'जंतुसंसर्ग आहे' एवढंच माहीत. आईचा स्मृतिभ्रंश, ती नातवाला ओळखत नाही तो क्षण, तिचे विस्कटलेले केस हे सगळं मुलगी कळवळून लिहिते, फोटोही टाकते. हजारो शुभंकरांना त्यातून बळ मिळतं हे खरं. आयुष्यभर पदर नीट केल्याशिवाय दार न उघडलेल्या आईला ते चाललं असतं का, हा प्रश्नही तितकाच खरा. 'सुख सांगावं जना, दुःख सांगावं मना' अशा शिकवणीत ही पिढी वाढली. आज तिचं दुःख तिच्या वतीने जना सांगितलं जातंय. मी लिहिणाऱ्या मुलीला दोष देणार नाही, तिला दुसरी सतरंजीच नाही. पण हेल्थटॉकमध्ये मुलाखत परत दाखवतात ती याचसाठी.

बाळांच्या बाबतीत तर विचारायचंच कुणाला? २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी तिच्या आईवडिलांनी इन्स्टाग्रामवरून सुमारे १६ कोटींच्या एका औषधाचे पैसे उभे केले. आजार पाठीच्या कण्याशी निगडित स्नायूंच्या क्षयाचा, औषध एकदाच द्यायचं. सरकारने आयातशुल्क आणि करही माफ केला. त्या आईवडिलांनी जे केलं ते कुठल्याही आईवडिलांनी केलं असतं. पण तेव्हापासून दुर्मीळ आजाराच्या प्रत्येक घराला कळलंय, की बाळाचा चेहरा जितका गोड, व्हिडिओ जितका चांगला, तितका निधी लवकर जमतो. ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांच्या घरात नळी लावलेलं बाळ बघवत नाही इतकं आजारी दिसतं, त्यांचं काय होतं याचा व्हिडिओ नसतो.

खोट्याबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना दिसतंच. ऑस्ट्रेलियाच्या बेल गिब्सनने मेंदूचा कर्करोग आहाराने आटोक्यात ठेवल्याचं सांगत अ‍ॅप आणि पुस्तक विकलं. तिला कर्करोग कधी नव्हताच, हे २०१५ मध्ये उघड झालं आणि २०१७ मध्ये न्यायालयाने ४,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. असे धडधडीत लबाड कमी. खरा घोळ प्रामाणिक माणसांच्या अर्ध्या सांगण्यातून होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगावरच्या यशाचं श्रेय हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराला दिलं. टाटा रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ तज्ज्ञांनी पत्रक काढून लोकांना सांगितलं, की याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. सिद्धूंनी मग स्पष्ट केलं, की आहार हा डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांना जोड म्हणून होता. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि किमोही झाली होती. पण व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या मावशींनी हळदीपर्यंतचाच भाग पाठवला होता.

याहून सूक्ष्म खोट अशी, की जे वाचले तेच सांगतात. हळद घेऊनही गेलेली माणसं काही लिहीत नाहीत. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांना चाळिशीच्या उंबरठ्यावर आधी हृदयविकाराचा झटका आला आणि पाठोपाठ कर्करोग. १९९५ च्या 'द वुंडेड स्टोरीटेलर' या पुस्तकात त्यांनी आजाराच्या कहाण्यांचे तीन साचे सांगितले: आजारी पडलो आणि बरा झालो, आजाराने मला नवं काही दिलं, आणि तिसरा, नुसता गोंधळ, ज्यात काहीच जुळत नाही, शेवट नाही. तिसरी कहाणी ऐकवत नाही, म्हणून ती सांगितली जात नाही. 'लाइक'च्या बाजारात तर तिला गिऱ्हाईकच नाही. योगायोग असा, की त्याच विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियातून शुभंकर म्हणून जे भोगलं, त्यातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली आणि त्यांच्याच पाठबळावर 'देवराई' हा मराठी चित्रपट निघाला. तो तिसऱ्या प्रकारातल्या कहाणीच्या जवळ जातो, आणि तरी लोकांनी पाहिला.

सांगितलेलं कुणाच्या हाती जातं याचा हिशेब वेगळाच. मे २०१० मध्ये 'पेशंट्सलाइकमी'वरच्या मनोविकारांच्या चर्चेत एक नवा सदस्य घुसला आणि यंत्राच्या मदतीने भराभर सगळा मजकूर उतरवून घेऊ लागला. तो निल्सन या बाजार-संशोधन कंपनीचा होता. सदस्य संतापले; पण आपली माहिती नाव काढून औषधकंपन्यांना विकणं हा त्या संस्थेचा स्वतःचाही धंदा आहे, हे अनेकांनी तेव्हाच नीट वाचलं. पुढे तिच्यात एका चिनी कंपनीने मोठा वाटा घेतला, अमेरिकी सरकारने तो विकायला लावला, आणि २०१९ मध्ये ती युनायटेडहेल्थ या विमा व्यवसायातल्या बड्या समूहाकडे गेली. भावाच्या आजारपणातून निघालेली वही विम्यावाल्याच्या कपाटात गेली!

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. तो वाचताना एक कलम खटकतं: ज्या व्यक्तीने आपली माहिती स्वतःहून सार्वजनिक केली, तिच्या त्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. कायद्याने उदाहरणही दिलंय ते समाजमाध्यमावर आपले विचार लिहिणाऱ्या बाईचं. म्हणजे रात्री दोन वाजता, मूल झोपल्यावर, 'मला प्रसूतीनंतर असं असं होतंय, कुणाला झालंय का?' असं उघड भिंतीवर विचारणारी आई ही कायद्याच्या दृष्टीने जाहीर सूचना लावणारी आहे. तिने शेजारच्या खाटेकडे वळून विचारलं होतं. कायद्याला वॉर्ड दिसला नाही, चौक दिसला.

एप्रिल २०२१ मध्ये मात्र सगळा देश तो चौक झाला होता. ऑक्सिजन, खाट, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा. मुलं-भाचे-सुना रात्रभर संदेश पाठवत होते, 'व्हेरिफाइड' असं लिहून. मदत मागणाऱ्यांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू, असं सर्वोच्च न्यायालयाला ३० एप्रिलला सांगावं लागलं. त्या काळात लोकांनी एकमेकांना वाचवलं. आणि त्याच काळात एका माणसाच्या प्लाझ्मासाठी शंभर घरांनी जिवाचं रान केलं, आणि तो प्लाझ्मा मे महिन्याच्या मध्यावर सरकारी उपचारसूचीतून निघूनही गेला. त्या दोन महिन्यांत मराठी घरांनी घरी ऑक्सिजन कसा लावायचा, पालथं कसं झोपवायचं, शेवटचं दर्शन व्हिडिओवर कसं घ्यायचं याबद्दल जे जाणलं ते कुठे आहे? जुन्या फोनमध्ये. फोन भरला म्हणून पुसलेल्या संदेशांत.

मराठीतलं आजाराचं सांगणं आज मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद गटांत चालतं. हेल्थटॉकसारखं, चाळीस मराठी माणसांकडे बसून ऐकलेलं, त्यांना परत दाखवलेलं आणि सर्वांना खुलं असलेलं काही हवं, असं मला वाटतं. नुसता गट पुरा पडत नाही. डायलिसिसचा गट, ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांचा गट, तोंडाच्या कर्करोगाचा गट. तिथे आवाजी संदेश असतात, त्यामुळे लिहिता न येणारी काकूही बोलते, वऱ्हाडीत, मालवणीत, ही मोठीच गोष्ट आहे. गटाचा अ‍ॅडमिन बहुधा स्वतः शुभंकर असतो. नोकरी सांभाळून तो हळदीचे व्हिडिओ काढून टाकतो, नव्याला धीर देतो, रात्री एकला 'सिस्टर फोन उचलत नाहीत' म्हणणाऱ्याला उत्तर देतो. त्याला कुणी पगार देत नाही, कुणी शिकवलेलं नाही.

आणि दर पंधरवड्याला तोच प्रश्न पुन्हा येतो. नाकातून नळी घातलीय, भाताची पेज कितपत पातळ करू? पाठीला जखमा होतायत, हवेची गादी कुठली घेऊ? याचं उत्तम उत्तर मागच्याच महिन्यात एका बाईंनी दिलेलं असतं. दीड वर्षं नवऱ्याला भरवून, चुकून, सुधारून आलेलं उत्तर. कुणीतरी लिहितं, 'त्या ताईंना विचारा ना.' गट वर सरकवून पाहिलं तर मधे करड्या बारीक अक्षरांत एक ओळ सापडते: त्यांनी गट सोडला आहे. का सोडला ते लिहिलेलं नसतं, आणि विचारायला कुणी धजत नाही. मग अ‍ॅडमिन पेजेचं उत्तर पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला घेतो.